ओळंबा सरांनी दिलेला फाऊल

मैदान आखून झालं की आमचे सर त्या मातीत चक्क पालथे पडायचे. हनुवटी जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून, फक्कीच्या पांढऱ्या रेघेकडे बघायचे. रेघ बोटभर वाकडी दिसली तरी पायाने पुसायचे आणि आम्हाला पुन्हा दोरी धरायला लावायचे. धाराशिवच्या आमच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात त्यांना सगळे ‘ओळंबा सर’ म्हणत. गवंड्याचा ओळंबा निदान वाऱ्याने तरी हलतो, हे हलत नसत. हे नाव त्यांच्या कानावर होतं, पण त्याचा राग कधी आला नाही. “मैदानच खोटं आखलं, तर त्याच्यावरला खेळ खरा कसा व्हईल?” एवढंच म्हणायचे.

मी ईट गावाहून आले होते. खो-खोत पळता येत होतं, बाकी काही येत नव्हतं. सकाळच्या सरावाला सरांचा पहिला प्रश्न, “काय खाऊन आलीस?” चहा-बटर म्हटलं की त्या दिवशी कडेला बसायचं. “चहावर कुठं माणूस पळतंय व्हय?” असं म्हणत ते खिशातले फुटाणे हातावर ठेवायचे. त्या फुटाण्यांना त्यांच्या घामेजल्या रुमालाचा वास असायचा. आम्ही नाकं मुरडायचो आणि खायचो.

शाळांमध्ये जाऊन पाठ घेणं हा आमच्या अभ्यासाचाच भाग. माझ्या पहिल्या पाठाला मी पोरांसमोर उभी राहून “उजवा हात वर” म्हटलं आणि माझा उजवा वर केला. पोरांकडे तोंड असताना शिकवणाऱ्याने डावा उचलायचा असतो, म्हणजे समोरून बघून करणाऱ्यांचा बरोबर उजवा वर जातो. निम्म्या वर्गाचा डावा वर गेला, निम्म्याचा उजवा, एका बहाद्दराचे दोन्ही. सर मागे उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “पोरं तुझं बोलणं न्हाय ऐकत, तुझ्याकडं बघतेत. तू चुकलीस की सगळी चुकतेत.” हे वाक्य मी आता माझंच असल्यासारखं इतरांना ऐकवते.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आमच्याच मैदानावर झाली. संघात नाव आलं तर खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीची आशा होती, आणि मला नोकरी हवी होती. पंच कमी पडले म्हणून सरांनी शिट्टी हातात घेतली. शेवटच्या डावात समोरची एकच खेळाडू बाद व्हायची राहिली होती. मी तिच्यामागे होते. झेप टाकली, तिच्या पाठीला हात लागला आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली. मैदानाच्या मधोमध, जिथे आमच्या मुली रांगेत बसतात, त्या फक्कीने आखलेल्या अरुंद पाटीला पाठलाग करणारीचा पाय लागायला नको. सर म्हणाले, लागला. फाऊल.

“न्हाय लागला सर! आईशप्पथ न्हाय लागला!” मी सगळ्यांसमोर ओरडले.

निवड समितीतले एक जण हळूच म्हणाले, “सर, तुमचीच पोरगी हाय. जाऊ द्या की.”

“माझी हाय म्हणूनच दिसलं,” सर म्हणाले. “दुसरीचं कदाचित निसटलं असतं.”

यादीत माझं नाव आलं नाही. वसतिगृहावर पाय धुताना उजव्या टाचेला फक्की दिसली. झेप टाकताना हीच टाच पाटीच्या कडेला टेकली होती, तिथे दुसरी रेघ नव्हती. ती फक्की मी घासून काढली आणि कुणाला काही सांगितलं नाही. उलट सरांनी माझं वाटोळं केलं असंच गावभर सांगत राहिले. त्यांच्याशी बोलणं टाकलं. परीक्षा झाली तशी पाया न पडताच निघाले.

आता मी लोहाऱ्यात एका खासगी शाळेत खेळ शिकवते. गेल्या महिन्यात सर गेल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा सातवीची कवायत चालू होती. वाचलं, मोबाइल खिशात टाकला, कवायत पूर्ण घेतली. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. दाढ काढल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं काहीतरी सगळ्या अंगाला झालं होतं. अजूनही तसंच आहे.

दहावं झाल्यावर त्यांच्या घरी गेले. काकूंनी, सरांच्या पत्नीने, मी कोणत्या वर्षीची ते विचारलं. मी सांगितलं.

“म्हंजी त्याच वर्षीची व्हय,” त्या म्हणाल्या. “त्या चाचणीनंतर त्यांनी पंच व्हायचं सोडलं बघ. कुणी पोरगी आईची शपथ घेऊन म्हणाली म्हणं, पाय न्हाय लागला. मला म्हणाले, पोरगी आईची खोटी शपथ कशी घेईल, माझीच नजर गेली. डॉक्टर म्हणाला डोळे चांगले हायती, तरी पटलं न्हाय. लई बोलावणी आली, पण परत शिट्टी हातात धरली न्हाय.”

मी म्हटलं, “काकू, ती पोरगी मीच. पाय लागला होता.”

आवाज अगदी सपाट निघाला, हजेरी द्यावी तसा. काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे तोंड केलं आणि आतल्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा आवाज चढवून म्हणाल्या, “अवो, ऐकलं का? लागला व्हता म्हणं पाय.”