मुठीतले विकर

जो प्रत्येक देहात ऊब होऊन राहतो, जो मुंगीच्याही पोटात अन्न पचवतो, त्या वैश्वानराला प्रथम वंदन. प्रसंग घरचाच आहे. नातीने यंदा जीवरसायनशास्त्राला प्रवेश घेतला आणि विचारले, "आजोबा, तुम्ही प्रयोगशाळेत नक्की काय करत होता?" तिला पुष्कळ सांगितले. एक गोष्ट मात्र ओठांवर येऊन परत गेली. ती येथे लिहितो.

"हात कुणाचा लागलाय याला?"

प्रयोगशाळेच्या साहेबांनी परीक्षानळी उजेडात धरली होती. समोर बाहेरगावचे चार शास्त्रज्ञ पाहुणे. नळीतले द्रावण निळे व्हायला हवे होते. ते पाण्यासारखेच राहिले.

"बुवाचा ना? मग बरोबर. विटाळ झाला. मेलं."

पाहुणे हसले. एकाने तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते.

"टेबल धुऊन घे, बुवा. सोड्यानं धू. अन् मग बाहेर थांब."

बुवा म्हणजे मी. गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात संस्कृत, म्हणून थट्टेने पडलेले नाव. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षे होती ती. आडनाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलायचा. झरीकडच्या आमच्या गावात गावकुसाबाहेरची वस्ती जळाली, तेव्हा आईला घेऊन मी परभणीला आलो आणि एका संशोधन प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो.

संस्कृत मला गावातल्या एका वृद्ध शास्त्रीबुवांनी दिले. ते ओट्यावर बसत, मी खाली मातीत. पाठाचे कागद ते वरून सोडत आणि मी पंचा पसरून झेलत असे. एकही कागद मी जमिनीला लागू दिला नाही. त्यांचे ऋण मी आजही मानतो. वरून येणारे ते कागदही आजही दिसतात.

प्रयोगशाळेत जे काम कोणी घेत नव्हते ते मला मिळाले. रोज सकाळी खाटकाकडून बोकडाची ताजी हृदये आणायची. माळकरी माणूस मी. प्रत्येक हृदयाची मनोमन क्षमा मागत असे. ते चाचा मला पंडितजी म्हणत. साऱ्या परभणीत मला पंडित म्हणणारा माणूस एक, आणि तो खाटीक.

"क्या पंडितजी, आज कित्ते दिल होना?"

"चार, चाचा."

डबा मी हात लांब करून धरत असे. चाचा वरून सोडत.

त्या हृदयांतून आम्ही एक विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळे करत होतो. नातीच्या पुस्तकात पेशीतल्या तंतुकणिकांचे चित्र आहे. त्या म्हणजे पेशीच्या चुली. चुलीच्या भिंतीत हे विकर बसलेले असते आणि देहाला लागणारी शक्ती तेच घडवते. हृदये वाटायची, गाळायची, यंत्रात गरगर फिरवायची, क्षारात साका बसवायचा. तीन दिवसांच्या कष्टानंतर नळीच्या तळाशी नखाएवढे पांढरे काही उरे. त्यातले चिमूटभर द्रावणात विरघळवून तपासायचे. निळा रंग आला तर ते जिवंत. या साऱ्याला साहेब शुद्धीकरण म्हणत. ते शुद्धीकरण माझ्या हातांनी होत असे.

त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. बाकीची सारी विकरे बर्फात टिकतात. हे मात्र भिंतीत असते तोवर गारठा सोसते. भिंतीतून सोडवून विरघळवले की बर्फात विस्कटते. टेबलावर विसरलेली नळी जगे आणि बर्फात जपलेली मरे. मी साहेबांना एकदा सांगितलेही होते.

"बुवा, तू मंत्र म्हण," ते म्हणाले होते. "विज्ञान आमच्याकडं राहू दे."

त्या दिवशी सकाळी मी नळी तयार करून टेबलावर ठेवली होती. साहेब पाहुण्यांसह आले, नळी उघड्यावर पाहून माझ्यावर डाफरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती बर्फात खोचली. मग सगळे चहाला गेले. दीड तासाने परतले. विकर मेले होते. बर्फात घालणारा हात कोणाचा, हे कोणी विचारले नाही.

सोड्याची बरणी मी उचलली. खोटे कशाला लिहू? सवयीने उचलली. फडकेही घेतले. ओणवा झालो. टेबलाच्या काळ्या दगडावर माझ्या हाताची ओलसर खूण उमटली होती. पाचही बोटे. ती पुसायची होती.

हात हलेना.

माझ्या तोंडून तेव्हा पुस्तकी मराठी निघाली नाही. आईची बोली निघाली.

"साहेब, मी धुणार न्हाई. माझ्या हातानं काय बी बाटलं न्हाई."

कोणी हसले नाही. साक्याची उरलेली नळी मी काढली, चिमूटभर द्रावणात विरघळवले आणि ती नळी मुठीत धरून उभा राहिलो. बर्फ नाही. केवळ मूठ. जेवढा वेळ ते चहाला गेले होते तेवढा वेळ मी उभा होतो. साहेब दोनदा बाहेर जाऊन आले. पाहुण्यांतले वृद्ध गृहस्थ मात्र खुर्चीवरून हलले नाहीत.

तपासले. निळे झाले. गडद निळे.

वृद्ध गृहस्थांनी नळी पाहिली, मग साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "बघा, आमच्याकडं हे कोमट ठेवायची पद्धत आहे." पाहुण्यांनी वहीत टिपून घेतले. माझ्या मुठीकडे कोणी पाहिले नाही. टेबल त्या दिवशी तसेच राहिले, बोटांच्या खुणेसकट.

संध्याकाळी आई म्हणाली, "जेव की रं. काय झालं?" घास हातातच राहिला होता. अपमानाने नव्हे. डबा आठवत होता. लांब धरलेला माझा डबा. इतकी वर्षे चाचांच्या बोटांना माझे बोट लागू नये म्हणून मी जपत आलो होतो. शास्त्रीबुवांचा ओटा मी डब्याबरोबर रोज वाहून नेत होतो आणि त्याला शुचिता म्हणत होतो. त्या दुपारी जो शब्द मला लागला, तो मी मुक्याने रोज सकाळी उच्चारत होतो.

दुसऱ्या दिवशी डबा खाली ठेवला आणि ओंजळ पुढे केली.

"हाथ में?" चाचा थबकले. "तुमारी माला को चलता क्या?"

"आज से चलता, चाचा."

त्यांनी हृदय ओंजळीत ठेवले. त्यांची बोटे माझ्या तळव्याला लागली. हृदय अजून कोमट होते. मला रडू आले आणि चाचांनी मान वळवली.

पुढे साहेबांनी माझी भांडारात बदली केली. तेथेच निवृत्त झालो. त्याचे दुःख आहे, आणि ते शांत करावे असेही वाटत नाही. मात्र त्या सकाळनंतर वरून सोडलेले काही मी घेतले नाही. चहा नाही, कागद नाही, कौतुकही नाही. वरून कोणाला काही दिले नाही. मरेपर्यंत देणार नाही. विटाळ हा शब्द माझ्यासमोर उच्चारणाऱ्याला, तो कोणीही असो, मी तिथेच थांबवीन.

वाचणाऱ्या, तुझ्या घरातल्या प्रत्येक देहातला तो अग्नी शांत न होवो. तुझी लेकरे धडधाकट राहोत. उंबऱ्याशी कोणी तहानलेला आला, तर पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला जावो, बोटाला बोट लागेल असा.