सावलीत निळा, उजेडात पिवळा

लोक फोटो एडिटिंग शिकतात ते पोटासाठी, नाहीतर हौसेपायी. उज्ज्वला राठोड शिकली ती एका माणसाचा सूड घ्यायला. त्यावर पोट भरू लागलं हा नंतरचा भाग, आणि हौस म्हणाल तर ती तिला अजूनही नाही.

तो माणूस म्हणजे तिचा चुलतभाऊ धनराज. मानोरा तालुक्यातल्या त्यांच्या तांड्यावर उज्ज्वलाचे वडील हेमसिंग हे नायक होते. म्हणजे भांडण झालं की दोन्हीकडचे लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि उठताना निदान एकमेकांची चप्पल ओळखून घालून जायचे. हेमसिंग वारले तेव्हा तांड्यात एकही चूल पेटली नाही. माणसं बसायला जागा पुरेना म्हणून शेजारचे बैल सोडून गोठा झाडावा लागला. असं मरण सगळ्यांना येत नाही, आणि असल्या मरणाचा उपयोग करून घ्यायची बुद्धीही सगळ्यांना नसते. धनराजला होती. पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी मानोऱ्याच्या बसस्टँडसमोर श्रद्धांजलीचं बॅनर लागलं. खर्च धनराजचा, मजकूर धनराजचा, आणि फोटोही बहुतेक धनराजचाच. डोक्यापासून कमरेपर्यंत, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून, हसत. हसण्याचं कारण इतकंच की त्याच्याकडे चांगला फोटो एकच होता. दिवाळी, शिवजयंती, निकालाचं अभिनंदन, सगळीकडे तोच जायचा. शोकासाठी वेगळा काढून घ्यावा, असं त्याला कुणी सुचवलं नव्हतं. हेमसिंग वरच्या कोपऱ्यात होते, एका गोल चकतीत, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेले. कापणाऱ्याने घाई केली असावी, कारण त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहून गेला होता.

तेरवीला धनजहून आलेल्या एका लांबच्या सोयऱ्याने उज्ज्वलाच्या आईला, ललिताबाईला, सगळ्यांसमोर विचारलं,

"बाई, थ्या बॅनरवर वरतं चकतीत कोन हायेत वं?"

"माहे मालक."

"आन थे मोठे?"

"थे जिवंत हायेत," ललिताबाई म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून आत निघून गेली.

सोयऱ्याचा काही दोष नव्हता. पण उज्ज्वला वाढायला उभी होती, तिच्या हातात भाजीची बादली होती, आणि ती बादली तिने ज्या हळुवारपणे खाली ठेवली ते कुणी पाहिलं असतं तर धनराजला वेळीच सावध करता आलं असतं.

ती बी.ए. होऊन घरी बसलेली. तेरवीनंतरच्या सोमवारी ती मानोऱ्यात माणिकरावांच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिली. ते बॅनर तिथेच छापलं गेलं होतं.

"काम येते का?" माणिकरावांनी विचारलं.

"येऊन जाईन."

"कायले पाह्यजे तुले हे काम? दिवसभर लोकायचे थोबाडं पाहा लागते."

"एकाचंच पाहाचं हाय," ती म्हणाली. माणिकरावांना वाटलं, पोरीचं लग्न ठरलेलं दिसतं.

कामाला लागल्यावर तिने आधी चेहरे गोरे करणं शिकून घेतलं, कारण गिऱ्हाइकाला दुसरं काहीच नको असतं. आमच्या भागात उन्हात राबणारा माणूस बॅनरवर मात्र दुधात बुडवून काढलेला दिसतो, आणि त्याच्या घरचेही त्याला ओळखतात. मग मोबाइलवरचे व्हिडिओ पाहता पाहता तिला स्प्लिट टोनिंग सापडलं. भानगड सोपी आहे. फोटोत जिथे उजेड पडलाय तिथे एक रंग मिसळायचा, जिथे सावली आहे तिथे दुसरा, आणि मधली एक पट्टी सरकवून कोणाचं पारडं जड करायचं ते ठरवायचं. माणूस तोच राहतो. त्याची तब्येत बदलते.

उज्ज्वलाने गिऱ्हाइकांवर प्रयोग सुरू केले. उजेडात नारिंगी आणि सावलीत हिरवट निळा टाकला की किराणा दुकानदारसुद्धा सिनेमातून उतरल्यासारखा दिसतो. उजेडात सोनेरी आणि सावलीत मातकट तपकिरी टाकला की म्हातारा माणूस नुकताच शेतातून येऊन पाणी प्यायल्यासारखा वाटतो. आणि उजेडात किंचित हिरवट पिवळा, सावलीत थंड निळा टाकला, की धडधाकट माणूस चार दिवसांपूर्वी गेलेला वाटतो. हे शेवटचं मिश्रण तिला एका नवरदेवावर करताना सापडलं. तिने ते नवरदेवाला लावलं नाही. नाव देऊन जपून ठेवलं.

माणिकराव एकदा मागे येऊन उभे राहिले. "काय करून राह्यली वं हे? हा त मेल्यावानी दिसते."

"जास्त दिसते का कमी?"

"कमी कायले, जास्तच."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली. मोबाइलवर हा रंग फारसा कळत नाही, पण माणिकरावांच्या मशीनचा निळ्या शाईत हात सैल आहे, छापताना तो दुप्पट उतरतो, हेही तिने तोवर टिपून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात धनराजचा वाढदिवस आला. उज्ज्वलाने ते मिश्रण काढलं, भावाच्या चेहऱ्यावर सढळ हाताने ओतलं आणि बॅनर चौकात लागल्यावर चहाच्या टपरीवर जाऊन लोकांची तोंडं पाहत बसली.

लोकांना बॅनर फार आवडलं.

"धनराजभाऊ त पार फारेनच्या मानसावानी दिसून राह्यला," कुणीतरी म्हणालं. संध्याकाळी स्वतः धनराजचा फोन आला. "उज्ज्वला, तुह्या हातात कला हाय वं. काका असते त खुश झाले असते." पुढच्या आठवड्यात दोन सरपंच, एक पतसंस्था आणि एक साखरपुडा 'धनराजभाऊवाला कलर' मागत आले. माणिकरावांनी तिचा पगार वाढवला. सूड घ्यायला निघालेल्या माणसाचा याहून मोठा अपमान होऊ शकत नाही. त्या रात्री ती जेवली नाही.

पण चूक कुठे झाली ते तिला दोन-तीन दिवसांत उमगलं. डोळा रंग पाहत नाही, शेजार पाहतो. चौकात धनराज एकटाच होता. त्याच्या बाजूला कुणी जिवंत माणूस असता तर फरक कळला असता. एकट्याला मेलेला कोण म्हणेल? तेव्हा बॅनर एक, माणसं दोन आणि रंगही दोन, असं काहीतरी हातात यायला हवं होतं. ते हेमसिंगांच्या वर्षश्राद्धाला आलं. सोयाबीन काढणीचे दिवस होते, निवडणूक जवळ होती, आणि धनराजला काकांची फार आठवण येत होती.

"प्रथम पुण्यस्मरन टाक," त्याने फोनवर सांगितलं. "माहा फोटो मोठा घे. काका वरतं गोलात."

उज्ज्वलाने त्याला एक संधी दिली. हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

"भाऊ, बाबाचा जरा मोठा घेऊ का?"

"अवं, लोक माहा चेहरा पाहून थांबतीन. थांबले त मंग काकाले पाहतीन. तुले यातलं समजत नाही."

"बरं."

तिने मजकुरात काही केलं नाही. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', बारीक अक्षरात 'प्रथम पुण्यस्मरण' आणि वडिलांचं नाव, आणि खाली धनराजच्या सांगण्याप्रमाणे धनराजचं नाव, लांबून दिसेल एवढं. तिने फक्त रंग वाटले. चकतीतल्या हेमसिंगांना सोनेरी आणि तपकिरी. मोठ्या धनराजला पिवळा आणि निळा. मग ती त्या दोघांकडे बराच वेळ बघत बसली. परक्याच्या हातासकट ती चकती आता अशी दिसत होती की हा माणूस कुणालातरी निरोप द्यायला येऊन उभा आहे. आणि निरोप ज्याला द्यायचा तो खाली हात जोडून तयार होता.

धनराजला तिने मोबाइलवर नमुना पाठवला. त्याने तो बोटांनी मोठा करून आपला चेहरा पाहिला, बाकीचं बॅनर पाहिलं नाही, आणि उत्तर दिलं, "एकच नंबर."

बॅनर संध्याकाळी चौकात लागलं. सकाळी पहिल्या गाडीला आलेले निवृत्त कंडक्टर उदयसिंग चव्हाण त्याच्यासमोर थबकले. चष्मा घरी राहिला होता. श्रद्धांजली त्यांना दिसली, मोठा माणूस दिसला, मोठ्या माणसाचा रंग दिसला. धनराजने त्यांच्या पोराच्या कामासाठी एकदा खरोखर चिठ्ठी दिली होती. ते समोरून झेंडूचा हार घेऊन आले, फ्रेमच्या खिळ्याला अडकवला आणि डोळे मिटून उभे राहिले. हार पाहून दुसऱ्याने उदबत्ती लावली. तिसऱ्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. उगवत्या सूर्याबरोबर मानोरा तालुका हळहळू लागला.

धनराजची बायको हेमला आसेगावकडे माहेरी गेली होती. तिचे भाऊ तिला आणि चार बायांना जीपमध्ये घालून रडत घेऊन आले. जीप तांड्यात शिरली तेव्हा धनराज अंगणात दात घासत होता. हेमलाने त्याला पाहिलं आणि रडं थांबवायला तिला थोडा वेळ लागला, कारण ते वाटेत चांगलं बसलं होतं.

दुपारच्या आत धनराज दुकानात हजर झाला. सोबत शेजारचा फुलचंद आणि तांड्यातले म्हातारे गुलाबसिंग. माणिकरावांनी मशीनच्या मागे काहीतरी शोधायला घेतलं.

"काय केलं वं तू हे?" धनराज म्हणाला. "मले जित्तेपनी मारलं?"

"तुमीच पास केलं, भाऊ. एकच नंबर म्हनले."

"मले काय समजते त्यातलं?"

"मीही तेच म्हनत होती," उज्ज्वला म्हणाली.

गुलाबसिंग खुर्चीत टेकत म्हणाले, "जाऊ दे रे. खोटी खबर उठली का मानसाचं आयुष्य वाढते. तू आता नव्वद पाहतं."

हे ऐकून धनराजचा चेहरा उजळला. उज्ज्वलाचा पडला. वर्षभर राबून या माणसाला आपण वीस-पंचवीस वर्षं वाढवून दिली, हा हिशेब तिने कधी केला नव्हता. धनराजने चहासुद्धा मागवला. सगळं हसण्यावारी जाणार, उद्या तो प्रचारातही हाच किस्सा सांगणार, हे तिला दिसत होतं. तेव्हा तिने अगदी सहज, की-बोर्ड पुसत, फुलचंदला विचारलं,

"दादा, मंग सकाळी भाऊच्या घरी लई लोक आले असतीन?"

"आसेगाववाले आले ना."

"तांड्यातले?"

फुलचंद साधा माणूस. त्याने खरं सांगून टाकलं. "आमाले समजलं होतं सकाळीच. पन सोयाबीन काढाचं मशीन, हडंबा, आला होता वावरात. थो एकदा गेला का मंग आठ दिवस सापडत नाही. म्हनलं माती काही दुपारच्या आत नाही होत, तोपरेंत एवढं काढून घेऊ."

"आन सयपाक?" तिने विचारलं.

"सयपाक त झालाच ना माय. मजूर होते जेवाले."

गुलाबसिंग आपल्या काठीची मूठ बघू लागले. सकाळी तेही भाकरी खाऊन निघाले होते. धनराजने तांड्यातली एकेक चूल मनात मोजली असावी, कारण त्याच्या बोटांची हालचाल तशीच होती. हेमसिंग गेले त्या दिवशी तोही तांड्यात होता. त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. उज्ज्वलाने त्याला मोजू दिलं. चहा आला तो तिने पूर्ण प्यायला, आणि तो तिला गोड लागला.

मग धनराज म्हणाला, "दुसरं बॅनर कर. मी जिवंत हाय म्हनून."

"फोटो तोच टाकू?"

"नको. थो पाहून पुन्हा हार टाकतीन. आत्ता काढ. मानसाले वाटलं पाह्यजे का हा इथंच उभा हाय."

"मंग रंग नाही टाकत. गोराही नाही करत."

"नको करू."

"केवढा घेऊ?"

"मोठाच घे," धनराज म्हणाला. एवढं झाल्यावरही या एका गोष्टीत तो डगमगला नाही.

तिने त्याला भिंतीशी, ट्यूबलाइटखाली उभं केलं आणि फोटो काढला. संगणकावर घेतला. उजेडाची पट्टी शून्यावर नेली, सावलीची शून्यावर नेली, आणि हात काढून घेतला. वर्षभरात तिने एकाही चेहऱ्याला इतकं कमी केलं नव्हतं. डोळ्यांखालच्या पिशव्या, गालावरचे चट्टे, तंबाखूच्या खर्ऱ्याने खाल्लेले दात, आणि कुणीही जेवण सोडलं नाही हे नुकतंच कळलेल्या माणसाचे डोळे, सगळं जिथल्या तिथे होतं.

"हा मी हाय का?" धनराजने विचारलं.

"तुमीच हाय, भाऊ. बदलू का?"

त्याने गुलाबसिंगांकडे पाहिलं. गुलाबसिंग म्हणाले, "तूच हायेस रे." बाहेर चौकात अजून कुणीतरी उदबत्ती लावत होतं, थांबायला वेळ नव्हता. धनराजने मान हलवली.

माणिकरावांचं मशीन हळू आहे आणि वरून छापत येतं. आधी विरळ झालेले केस आले, मग कपाळ, मग कपाळावरच्या आठ्या, एकेक. धनराजला थांबणं भाग होतं. उज्ज्वलाने त्याला बसायला खुर्ची दिली, नेमकी मशीनच्या समोर.