मोठ्या सफरचंदांचा मलिदा

सिरसाळ्यात आमच्या दाजींना विचारल्याशिवाय कुणाला आजारी पडता येत नाही. एक वेळ मरता येईल, पण आजारी पडता येत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बाजारात त्यांचं आडतीचं दुकान आहे, पण दुकान आता मुलगा बघतो आणि दाजी गावातले आजारी बघतात. डॉक्टर नाहीत, वैद्य नाहीत, देवऋषी तर नाहीतच; देवऋष्याचं नुसतं नाव काढलं तरी तासभर तोंड चालतं. ते फक्त भेटायला जातात. कुणाला ताप आला, कुणाचा हात मोडला, कुणी अंबाजोगाईहून टाके घालून परत आलं, की सकाळीच दाजी दारात हजर. हातात सफरचंदांची पिशवी आणि चेहऱ्यावर असा संताप, की त्या माणसानं जणू यांच्याच घरी चोरी केली आहे. आणि कुणी गुपचूप आजारी पडून गुपचूप बरा झाला, तर त्या घराशी बोलणं बंद. एका घराशी अजून बंद आहे, आणि तिथला आजारी कधीच बरा होऊन, नोकरीतून निवृत्त होऊन शेती करतोय.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस जरा हळू बोलतो, होईल बरं म्हणतो, अर्धा कप चहा घेतो आणि उठतो. दाजी खाटेजवळ खुर्ची ओढतात आणि आजाऱ्याला फैलावर घेतात. त्यांच्या गल्लीतला एक मेकॅनिक जीपखाली पाय सापडून पडला होता. बिचारा कण्हत होता. दाजी म्हणाले, "पाय मोडला तर मोडला, तोंड कावून पाडलंस बे? तोंडाला बी प्लास्टर घातलंय का?" एका म्हातारीनं गोळ्या उशाखाली लपवल्या होत्या, तर दाजींनी आधी म्हातारीला झापलं, मग तिच्या लेकांना, मग तिथे नसलेल्या डॉक्टरला, आणि शेवटी कुणी उरलं नाही तेव्हा कुरकुरणाऱ्या पंख्याला. मी त्यांच्यासोबत गेले होते, मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हातारीनं गोळी घेतली, हेही सांगायला पाहिजे. लोक बरे व्हायचे. औषधानं व्हायचे की दाजी पुन्हा येतील या धास्तीनं व्हायचे, ते देव जाणे.

सफरचंदाच्या बाबतीत तर त्यांचा कायदाच होता. सफरचंद हे आजाऱ्याचं फळ, धडधाकट माणसानं त्याला हात लावायचा नाही. पेरू खा, बोरं खा, सीताफळं खा, पोट फुटेस्तोवर आंबे खा, सफरचंद नाही. सूनबाई लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा माहेराहून येताना हौसेनं सफरचंदं घेऊन आली. पिशवी बघताच दाजींचा चेहरा उतरला. कोण पडलंय, कोण पडलंय म्हणत त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून बघितला. मला आवडतात म्हणून आणली, असं ती पोर म्हणाली, तर दाजी दोन दिवस तिच्याकडे संशयानंच बघत होते. मी एकदा सिरसाळ्याच्या स्टँडवर सफरचंदं घेतली, ती त्यांनी लांबून बघितली. मी घरी पोचायच्या आत अक्काला फोन, तुझी बहीण काय लपवतीय विचार. असल्या माणसाबरोबर माझ्या बहिणीनं संसार केला आणि कधी चकार शब्द काढला नाही, याचाच मला राग येतो.

आता या कायद्याचा दुसरा भाग सांगते, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला. बाजारातले फळवाले चाचा दाजींचे जुने दोस्त. दाजी गाड्यावर गेले की चाचा फळ काढायच्या आधी विचारणार, कोण बीमार हाय. साधा ताप असला तर बारकी सफरचंदं. हाड मोडलं असलं तर मधली. ऑपरेशन असलं तर मोठी. आणि ज्याचं काही खरं नाही, त्याच्यासाठी गाड्याखालच्या पेटीतून, कागदात गुंडाळलेली, एका हातात मावणार नाहीत अशी निघायची. ही पद्धत दोघांनी मिळून कधी पाडली कुणास ठाऊक, पण हळूहळू साऱ्या गावाला ती माहीत झाली. आजारी माणूस पिशवीत डोकावून आपलं किती राहिलंय याचा अंदाज घ्यायचा. लोक यावर हसायचे. मीही हसले असेन, पण मनातून मला ते कधीच बरं वाटलं नाही.

गेल्या थंडीत अक्काला निमोनिया झाला. अंबाजोगाईला दवाखान्यात राहून ती घरी आली, ताप उतरला, छाती मोकळी झाली, रिपोर्ट चांगले आले. पण ती खाईना. भाकरी नको, मऊ भात नको, वरणाचं पाणीसुद्धा दोन घोट घेऊन वाटी बाजूला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, माझं काम झालंय, आता अन्न पोटात गेलं पाहिजे. सोमवारपर्यंत खायला लागल्या नाहीत तर परत आणा, नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून मी बीडहून तडक निघाले.

घरात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. जिकडे बघावं तिकडे सफरचंदं. टोपलीत, परातीत, फ्रिजवर, कपड्यांच्या इस्त्रीच्या टेबलावर. दाजींनी आयुष्यभर ज्यांना ज्यांना भेटून झापलं होतं ते सगळे परत भेटायला आले होते, पिशवीसकट. आणि त्यांना दुसरी तऱ्हा माहीतच नव्हती. येईल तो खाटेजवळ खुर्ची ओढणार आणि अक्काला झापणार, "कावून खात न्हाई ओ तुमी?" अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली. दाजी ओसरीवर बसून त्या लोकांवर चिडत होते. म्हणत होते, ह्यांना दुसरं काही सुचत न्हाई का, आजारी माणसाला असं बोलत असतेत का. मी म्हटलं, दाजी, कुणी शिकवलं त्यांना? तर माझ्यावरच डोळे वटारले. मात्र अक्काच्या खोलीत जाताना हेच दाजी चपला बाहेर काढून, पाय न वाजवता जायचे आणि परक्या पाहुणीला विचारावं तसं "थोडं घेतीस का गं" एवढंच विचारून परत यायचे. मला ते ढोंग वाटायचं, आणि मी आणखी चिडायचे.

दुपारी मी अक्काजवळ बसले आणि विचारलं, बाई, काय चाललंय तुझं. ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मला माहीत हाय. सगळे लपवतेत माझ्यापासून." मी म्हटलं काय लपवतेत. तिनं टोपलीकडे बोट केलं. "बघ की केवढाली हायेत. एक बी बारकं न्हाई."

मी उठून बघितलं. खरंच होतं. सगळी कागदात गुंडाळून ठेवायची, पेटीतली. मी तिला सांगितलं, तू बरी आहेस, रिपोर्ट मी स्वतः वाचले. ती म्हणाली, तू बी त्यांच्यातलीच. एखादं फळ किती मोठं आहे यावरून माझी शहाणी बहीण मरायला निघाली होती, आणि हे खूळ त्या घरात कुणी आणलं तर माझ्या दाजींनी. मी ओसरीवर जाऊन त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाजी ऐकून घेणारा माणूस नव्हे, पण ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि तावातावानं चाचांच्या गाड्यावर गेले. परत आले ते गपगुमान. मला म्हणाले, चाचा म्हणतोय, भाभीजीसाठी आलेल्या माणसाला मी बारीक माल कसा देऊ. आता त्या माणसावर तरी कुणी चिडायचं?

तोडगा काढला सूनबाईनं. तिनं मोबाईलवर कुणी तरी बाई ॲपल क्रंबल नावाचा गोड पदार्थ करताना दाखवली. खाली शिजलेल्या सफरचंदाच्या फोडी, वर पीठ, साखर आणि लोण्याचा खमंग चुरा. सफरचंद दिसत नाही म्हणजे आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, कळणार नाही, असं तिचं म्हणणं. दाजी खवळले. आजाऱ्याच्या फळाचे तुकडे करून चुलीवर चढवायचे म्हणजे काय, हे काय लग्नातलं जेवण हाय का. मी म्हटलं, सोमवारी नळी घालायची आहे का? तेव्हा ते विळी घेऊन खाली बसले. सालं काढायला सुद्धा दुसऱ्याच्या हातात देईनात.

आमच्याकडे ओव्हन नाही, तर पातेल्यात जाड मीठ पसरून तापत ठेवलं. फोडींत गूळ घातला, मसाल्याच्या डब्यातली दालचिनी कुटून घातली. लोण्याच्या ऐवजी फ्रिजमध्ये घट्ट केलेलं तूप, आणि जाडसर कणकेत थोडा शेंगदाण्याचा कूट. ते तूप कणकेत बोटांच्या टोकांनी हलकं हलकं चोळायचं असतं, म्हणजे चुरा मोकळा होतो. दाजींनी ते अशा त्वेषानं चोळलं की क्षणात गोळा झाला. सूनबाई म्हणाली, "मामा, हलक्या हातानं." दाजी म्हणाले, "हलक्या हातानं मला काय बी जमत न्हाई." पहिला गोळा गाईला गेला. दुसऱ्या वेळी मी त्यांचं मनगट धरून बसले होते. चुरा बघून ते म्हणाले, ह्यो तर मलिदाच की, एवढ्यासाठी मोबाईल कशाला पाहिजे होता. मग डब्यात खाली फोडी, वर चुरा भरून तो पातेल्यात ठेवला, तर दर दोन मिनिटांनी झाकण उघडून आत बघायचे आणि पुटपुटायचे, अजून कावून होत न्हाई. झाकण मी हिसकावून घेतलं, म्हणून ते रुसले आणि त्या ओढाताणीत माझ्या हातून गॅस मोठा झाला. एक कड काळीठिक्कर पडली. ती त्यांच्यामुळेच पडली, असं मी आजही म्हणते.

दाजी वाटी घेऊन खोलीत गेले, मी दाराशी उभी राहिले. साऱ्या गावाला खाटेवर उठवून बसवणारा हा माणूस खाटेशी अवघडून उभा राहिला. नुसती वाटी पुढे केली. अक्का उठून भिंतीला टेकून बसली. वासानं उठली असावी. एक चमचा खाल्ला.

"करपलंय," ती म्हणाली. आणि दुसरा चमचा घेतला. मग विचारलं, "कशाचं हाय?"

मी दारातून डोळ्यांनी खुणावत होते, मलिदा म्हणा, मलिदा. दाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सफरचंदाचं," ते म्हणाले. "मोठाल्याचंच. चाचानं सगळ्यांना मोठाली देली, त्याला तू बारक्या मालाची वाटत न्हाईस म्हणून. तुला काय झालं न्हाई. डॉक्टरची शपथ न्हाई, माझी हाय."

मला वाटलं, संपलं आता, ठेवणार ही वाटी. अक्का वाटीत चमचा फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सफरचंदाचं जाऊ द्या ओ. सगळ्या गावाला वरडताव तुमी. मला दवाखान्यातून आणल्यापासून एकदा बी वरडला न्हाईत. पाय वाजवत न्हाईत, घेतीस का म्हणताव. मग मी काय समजायचं?"

दाजी खुर्ची ओढून बसले. ओरडायचं म्हणून त्यांनी श्वास भरून घेतला, ते मला पाठमोरं दिसलं. "खा मुकाट्यानं," असं म्हणाले, पण आवाज कुठून तरी खोलातून, फाटका निघाला. अक्का म्हणाली, खाते की. तिनं वाटी संपवली, करपलेली कडसुद्धा सोडली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ते मिठाचं पातेलं घासायला घेतलं. इतकी वर्षं मी या माणसावर रागावत आले, आत्ताही चांगलं रागवावं म्हणून मनात जुळवत होते, पण हात नुसताच फिरत राहिला आणि राग काही येईना.