शुगर चढली नव्हती, पडली होती

“ताई, काल तुमची शुगर चढली नव्हती. पडली होती.”

डॉक्टर असं म्हणाले तेव्हा मी शेजारी बसलेल्या माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे पाहिलं, आणि जाऊबाईंनी छताच्या पंख्याकडे. कारण आदल्या दिवशी माझी शुगर उतरवायला त्यांनीच मला पेलाभर मेथीचं पाणी पाजलं होतं आणि वर अंगणात फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मीही गुमान मारल्या. इतकी वर्षं आम्हाला एकच गोष्ट पाठ होती, शुगर म्हणजे चढणारच.

मी जळगावची. मधुमेह माझ्याकडे प्रियंकाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या शाळेच्या दिवसांपासून मुक्कामाला होता. आधी गोळ्या, मग इन्सुलिन, आणि सोबत वाढत गेलेलं वजन. आमची भावाभावांची घरं शेजारी शेजारी, त्यामुळे माझ्या तोंडावर पहारा जाऊबाईंचा. साखरेचा डबा त्यांनी माझा हात पोचणार नाही अशा फळीवर नेऊन ठेवला होता. मी चहात चमचा फिरवला तरी त्यांना पलीकडच्या घरात ऐकू जायचं!

शेवटी गुडघ्यांनी हात टेकले आणि मी नाशिकला जाऊन वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. त्याला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. जठराचा छोटासा कप्पा वेगळा करतात आणि तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. माणूस थोडंच जेवतो, आणि खाल्लेलं लवकर पुढे सरकतं. वजन उतरलं. इन्सुलिन सुटलं, मग गोळ्याही सुटल्या. ह्यांनी त्या आनंदात गल्लीभर पेढे वाटले. बायकोचा मधुमेह गेला म्हणून पेढे वाटणारा नवरा जळगावात दुसरा सापडायचा नाही.

सर्जन ‘रेमिशन’ असा शब्द वापरत होते. म्हणजे मधुमेह झोपलाय, गेलेला नाही, तपासण्या चालू ठेवायच्या. मला त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकू आलं. बोट टोचून शुगर बघायचं मशीन मी कपाटात लुगड्यांखाली ठेवून दिलं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी कधीकधी जेवणानंतर घाम फुटायला लागला. छातीत धडधड व्हायची, हात कापायचे, बोलता बोलता शब्द आठवायचा नाही. पण जळगावच्या उन्हात घाम आला म्हणून दवाखान्यात कोण जातं? मी माठातलं पाणी पीत होते आणि कामाला लागत होते.

माझं काम म्हणजे मांडे. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. चुलीवर मोठं मातीचं खापर पालथं घालतात. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची. आमच्या गल्लीत कुणाकडे सण असो की बारसं, खापरापाशी मी आणि माझ्या मदतीला जाऊबाई. माझ्या हातचा मांडा फाटत नाही, हे मी गर्वाने सांगते. गर्व करण्यासारखंच आहे ते.

त्या होळीला शेजारी मांडे होते. घाईत मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. यजमानीणबाईंनी उसाच्या रसाचा मोठा पेला हातात दिला, तो मी एका दमात संपवला. पुरणाची चव घेतली, एकदा सोडून चारदा. आता शुगर नव्हतीच ना मला!

तासाभराने मांडा हातातच फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. पाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे धुरकट झालं, आणि मला वाटलं खापरावरचा मांडा जळतोय. तो काढायला मी उघडा हात सरळ खापराकडे नेला. जाऊबाईंनी मनगट धरून मागे ओढलं नसतं तर माझा पंजा भाजून निघाला असता.

“तुनी शुगर चढी गयी!” त्या त्यांच्या अहिराणीत ओरडल्या. “इतला रस पियाले कोनी सांगं व्हतं तुले?”

पुढचं मेथीचं पाणी आणि फेऱ्या तुम्हाला माहीत आहेतच. तिसऱ्या फेरीला मी खाली बसले ती बसलेच. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने बोट टोचलं आणि आकडा आम्हाला न सांगताच लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. सलाईन तर तिथे येणाऱ्या प्रत्येकालाच लावतात, म्हणून आम्हाला त्यातून काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथली चिठ्ठी घेऊन मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा जाऊबाईंवर पंख्याकडे बघायची वेळ आली.

डॉक्टरांनी याला ‘लेट डम्पिंग’ असं नाव सांगितलं. गोड पदार्थ, विशेषतः पातळ आणि उपाशीपोटी, जठराच्या छोट्या कप्प्यात थांबतच नाही, धाडकन आतड्यात उतरतो. रक्तातली साखर झपाट्याने वर जाते. शरीर घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि मग तासा-दोन तासांनी साखर गरजेपेक्षा खाली येते. ऑपरेशन झालेल्या सगळ्यांना हे होत नाही, पण होतं त्यांना बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांनी, सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना.

आमच्या ह्यांचं आयुष्य ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवण्यात गेलं. ते म्हणाले, “म्हणजे आधी ठिबक होतं, आता पाट फुटलाय.” डॉक्टर हसले. हेच पुढच्या पेशंटला सांगतो म्हणाले.

जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. घरी येताच त्यांनी निकाल दिला. “आते खापर बंद. मना डोया देखत तुना हात जयी जाता व्हता.”

डोळ्यांदेखत हात जळता जळता वाचला म्हणून खापर बंद, यावर ह्यांनीही मान डोलावली. प्रियंकाचं लग्न त्याच हिवाळ्यात झालेलं. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर आली होती. सासुरवाशीण लेक पहिल्या आखाजीला माहेरी येते, जावई येतो, मांडे आणि आमरस होतो. आणि तिच्या पहिल्या आखाजीचे मांडे बाहेरून आणायचे? मी तोंडावर पदर घेऊन रडले, आणि मग उठून परत डॉक्टरांकडे गेले.

“खापर सोडू का?” मी सरळ विचारलं.

“खापर सोडू नका, उपाशी उभं राहणं सोडा,” ते म्हणाले. “पण आधी मला शुगरचा आलेख दाखवा.”

त्यांनी दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवला. तो शुगर सतत मोजतो आणि मोबाईलवर रेघ काढतो. पहिल्या दिवशी माझी रेघ सातपुड्यासारखी दिसत होती. नुसता साबुदाणा खाल्ला, उंच डोंगर, मग दरी. डाएटिशियनबाईंनी ताटाची उलटापालट केली. आधी मटकीची उसळ, दही नाहीतर पनीर, मग भाजी, आणि भाकरी शेवटी, चतकोर. पाणी जेवणाबरोबर नाही, मध्ये वेळ सोडून. थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी तपासणीही चालूच. मी मन लावून केलं. पापड लाटावा तशी रेघ सपाट होत गेली. आखाजीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी मोबाईल पाहून परवानगी दिली, तेव्हा मला मॅट्रिक पास झाल्यासारखं वाटलं.

ज्यांचं असं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय, त्यांना मी ठासून सांगेन. ऑपरेशनला घाबरू नका, मला त्याने पुन्हा चालतं केलं. पण हात कापायला लागले तर अंदाज बांधू नका, बोट टोचून बघा. मशीन लुगड्यांखाली ठेवू नका. आणि शेजारच्यांची मेथी त्यांनाच पिऊ द्या.

आखाजीला मी पोटभर नाही पण पोटापुरती उसळ खाऊन खापरापाशी उभी राहिले. पुरण चाखायचं काम प्रियंकाकडे दिलं. मांडे एकामागून एक अखंड उतरत होते. जावई दारातून बघत होते, म्हणून मी जरा जास्तच उंच झेलत होते.

पण ऊन, धग आणि कष्ट यांचा हिशेब मी कमी धरला होता. मोबाईल वाजला. रेघ खाली वाकत होती. मी हातातला मांडा पुरा करू म्हणाले.

“ठेव तो,” जाऊबाई म्हणाल्या. “बठ आठे.”

मी तिथेच बसून बोट टोचलं. खरंच कमी होती. आणि जाऊबाई आत गेल्या, स्टुलावर चढल्या आणि फळीवरून तो डबा काढून घेऊन आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढीच, बरोबर मोजून, त्यांनी साखर चमच्यात घेतली आणि माझ्या तोंडाशी धरली. वर्षानुवर्षं माझ्यापासून लपवलेली साखर.

“खाय,” त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला लागल्या. मग मलाही आवरलं नाही.

थोड्या वेळाने शुगर वर आली. मी मूठभर दाणे चावून चावून खाल्ले, आणखी थोडी थांबले, परत बोट टोचून खात्री केली आणि उठले. शेवटचा मांडा प्रियंकाच्या ताटातला होता. तो मीच टाकला, आणि तो फाटला नाही.

डबा आता खालच्या फळीवर असतो.