बारीक जाळी, मोठी जाळी

माझ्या साडूइतका घोळ घालणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो नक्की याच्याच सल्ल्याने चालत असेल. जे बारीक ते चांगलं, हा त्याचा जन्माचा धर्म. तापाची गोळीसुद्धा अडकित्त्याने चार तुकडे करून घेणार. "अख्खी गोळी पोटात गोंधळते ना भाऊ," हे वर मलाच समजावणार. बाभुळगावात त्याचं टिनाचं शेड आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या मशीनमध्ये दळून तो प्लास्टिकचा दाणा विकायचा. संध्याकाळी बाहेर यायचा तेव्हा भुवयांवर धुळीचा थर आणि खोकला मशीनपेक्षा मोठा.

त्याची मुलगी नागपूरला पेशींवर संशोधन करते. बापाचा खोकला ऐकून एकदा ती त्याला समोर घेऊन बसली. प्लास्टिकचे अगदी बारीक कण शरीरातल्या पांढऱ्या पेशी गिळतात, ते पचत नाहीत, मग पेशी बिथरतात आणि आत सूज वाढते. कण फार मोठा असला तर गिळताच येत नाही, असं काहीसं तिने सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने मशीनची बारीक जाळी काढून बोटभर भोकांची बसवली. "आता पेशीचा बापही गिळत नाही!" माल घेणाऱ्याने ते ओबडधोबड तुकडे पाहून कपाळाला हात लावला. धूळ मात्र होती तशीच उडत होती.

मुलगी वैतागली. "बाबा, मोठा कणही निर्धोक नसते. प्लास्टिक कोणतं, किती, पेशी कोणती, सगळ्यावर असते ते. आम्हालेच पूर्ण समजलं नाही अजून."

"तुलेच समजलं नाही, त मले काहून सांगून राह्यली?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत मराठी शिकवतो. गंभीर चेहरा करून मी "बरोबर आहे" म्हणालो. कोणाचं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात ती आली आणि स्टूल ओढून चालू मशीनशेजारी बसली. "तुम्ही बंद करत नाही ना? मग मीही इथंच बसते." टिनाच्या फटीतून आलेल्या उन्हात तिच्या तोंडाभोवती धूळ नाचताना दिसत होती. ती एकदाच खोकली. साडूने धावत जाऊन बटण बंद केलं. तेव्हापासून मशीन बंद आहे, नळ्या तो अख्ख्याच विकतो.

परवा त्या गप्प शेडमध्ये आम्ही दोघं बसलो होतो. "भाऊ, बारीक वाईट का मोठं वाईट, मले अजूनही समजलं नाही. पण पोरगी खोकली, अन्..." पुढचं त्याच्याच खोकल्यात गेलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.