बॅटरीचं पाणी

माझे वडील, आमचे अण्णा, तीर्थपुरीला बॅटऱ्यांचं दुकान चालवतात. लग्न होऊन मी बदनापूरला आले तेव्हापासून दर महिन्याच्या एका रविवारी ते बॅटरीच्या पाण्याचा कॅन घेऊन, एसट्या बदलत यायचे. चप्पल काढली की थेट जिन्याखाली. इन्व्हर्टरच्या बॅटरीची सहाच्या सहा टोपणं उघडून पाणी बघायचं, मगच चहा. मला राग यायचा. अहो, आधी लेकीचं तोंड तरी बघा!

गेल्या उन्हाळ्यात ती बॅटरी बसली आणि आम्ही लिथियमची आणली. अण्णांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे मी टाळलंच, त्यांचं दुकान सोडून दुसरीकडून घेतली होती ना.

रविवारी ते आले, जिन्याखाली वाकले आणि चहाला काही येईनात. जाऊन बघते तर काय, पेचकस घेऊन सीलबंद पेटीचे स्क्रू खोलून राह्यले!

"अण्णा, हात लावू नका! लिथियमची आहे ती. तिला पाणी लागत नाही."

"पाण्याबिगर बॅटरी असती का? कुणीतरी फसिवलं तुम्हाला."

झालं! शाळेत सायन्स शिकवणारी मी, तिथंच फरशीवर बसून तास सुरू केला. दक्षिण अमेरिकेत मिठाच्या जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, मोठमोठ्या हौदांत महिनोन्‌महिने उन्हात आटवतात आणि उरतं त्यातून लिथियम काढतात. ते चीनला जातं, तिथं बॅटऱ्या बनतात, मग आपल्याकडं येतात.

"म्हंजे पाणी सगळं तिकडंच उडवून टाकतेत," अण्णा म्हणाले. "अन् इकडं काहीच करायचं न्हाई?"

"काहीच नाही. वर्षानुवर्षं बघायची गरज नाही," मी फुशारकीनं म्हणाले.

त्यांनी कॅनचं झाकण उगाच घट्ट केलं. "मंग आता मी कशाला येऊ?"

मी चिडलेच. "म्हणजे? बॅटरीसाठी येत होता का तुम्ही?"

"लेकीच्या सासरी बिनकामाचं सारखं जाऊ न्हाई, माय. लोक नावं ठेवतेत. पाण्याचं काम होतं, तर बराबर जमायचं."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"भाऊ, जुन्या बॅटरीला तीन महिन्यांतून एकदा पाणी पुरतं, हे मला पहिल्याच वर्षी कळालं होतं," त्या म्हणाल्या. "मी कधी काही म्हणाले का? पुढच्या महिन्यात या. चहा घ्या, गार होऊन राह्यला."

अण्णा खाली मान घालून हसले. आणि मी, सायन्सची बाई, तिथंच फरशीवर बसून रडले.