डबीतला कीस

विमा कंपनीत मला शंका घेण्याचाच पगार मिळायचा. गाडी खरंच धडकली का, आग नेमकी कुठून लागली, हे विचारण्यात वीस वर्षं गेली. हिंदुरावांवर शंका घेतली ती याच सवयीनं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर मला शहाणपणा मिरवायचा होता.

हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत गाड्या दुरुस्त करता करता हवालदार झाले आणि निवृत्तीनंतर जयपुरातच राहिले, कारण त्यांच्या पत्नी इंदुबाईंचे गुडघे इथल्या कोरड्या हवेत कमी दुखत. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्यांची पत्र्याची शेड होती. मी राहायचो गोपालपुऱ्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी आम्ही मराठी मंडळी गाड्या त्यांच्याकडेच न्यायचो. ऑइल बदलताना जुना फिल्टर ते मागच्या बाकावर नेऊन उघडत आणि आतला कागद पांढऱ्या फडक्यावर पसरून बघत. इंजिन झिजत असेल तर धातूचे कण त्या कागदात अडकलेले सापडतात. आम्ही पुढे चहा पीत बसायचो. मागून आवाज यायचा, "ठणठणीत हाय." तेवढं आम्हाला पुरायचं.

२००४ साली मी जयपूरजवळच्या चौमूंच्या बाजारातून एक स्वस्त फिल्टर घेऊन गेलो. हिंदुरावांनी त्याच्या आतली रबराची झडप अंगठ्यानं दाबली आणि फिल्टर परत माझ्या हातात ठेवला.

"रबर कडक हाय साहेब. रातभर तेल खाली उतरंल, आन् सकाळी इंजिन कोरडंच फिरंल."

त्यांनी स्वतःकडचा महागडा नारिंगी फिल्टर बसवला. यांना दुकानदाराकडून काही सुटत असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हाच शिरलं.

पुढच्या वेळी मी तो जुना नारिंगी फिल्टर मागून घेतला. बाल्कनीत बसून हॅकसॉनं, लोखंड कापायच्या करवतीनं, कापला. डबा जाड होता, घाम निघाला. आतल्या काळ्या तेलात चंदेरी कण चमकत होते, थोडेथोडके नाहीत, चांगले चिमूटभर. इंजिन झिजतंय आणि हा माणूस ठणठणीत म्हणतो! मी ते कण माझ्या लेकीच्या, तनयाच्या, टिकल्यांच्या रिकाम्या डबीत भरले.

गणपतीचे दिवस होते. महाराष्ट्र मंडळाचा जनरेटर दरवर्षी हिंदुरावच सांभाळायचे. आरतीआधी सगळे जमलेले असताना मी डबी उघडली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे माझ्या फिल्टरमधले कण. हिंदुराव नकली माल बसवतात आणि आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो." उचलली जीभ लावली टाळ्याला. बँकेतले नंदकिशोर, सुनेत्राताई, सगळ्यांनी डबीत डोकावून पाहिलं.

हिंदुराव हात पुसत आले. त्यांनी चष्मा लावला, डबी ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ पाहिली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"सवड मिळंल तवा शेडवर या साहेब," एवढंच म्हणाले. आरतीला थांबले नाहीत.

चार दिवसांत चार घरांनी आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या. बरं झालं सांगितलंत, असं मला फोन करून म्हणाले. मला ते आवडलं, हे लिहायची आज लाज वाटते.

पाचव्या दिवशी मी शेडवर गेलो. एकही गाडी उभी नव्हती. हिंदुरावांनी पांढरं फडकं पसरलं, एक कोरा करकरीत नारिंगी फिल्टर त्यावर ठेवला आणि माझ्या हातात हॅकसॉ दिला.

"कापा."

मी कापू लागलो. फडक्यावर चंदेरी कण पडले. चिमूटभर. त्यांतल्या कितीतरी कणांच्या एका अंगाला नारिंगी रंग होता. जो फिल्टर कुठल्याही इंजिनाला लागलाच नव्हता, त्याच्यातून हा कीस निघाला होता. मग त्यांनी डबा उघडायच्या चावीसारखं आपलं हत्यार दाखवलं. त्यानं पत्रा चिरतो, कीस पडत नाही.

मी खिशातली डबी काढली. तिच्यातही नारिंगी ठिपके होते. मी ते पाहिलेच नव्हते.

"तुम्हाला तिथंच कळलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"वैनी हुत्या. तनया हुती. लेकीम्होरं बापाला काय बोलायचं?"

मला त्यांच्याकडे वर मान करून बघवेना.

अनंत चतुर्दशीला मी माइक हातात घेतला. 'गैरसमज' हा शब्द जिभेवर आला होता. समोर अलका, माझी बायको, बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "तो कीस माझ्या करवतीचा होता. हिंदुरावांनी काहीही चुकीचं केलं नाही. मी केलं." दोन घरं परत त्यांच्याकडे गेली. उरलेल्या दोघांनी आता दुसरीकडे घडी बसल्याचं सांगितलं. हिंदुराव काही मंडळात परत आले नाहीत. जनरेटरला भाड्याचा माणूस लागला.

माझी गाडी अजून तेच बघतात. वागण्यात काही फरक नाही, चहाही तसाच येतो. फक्त आता जुना फिल्टर ते मागच्या बाकावर नेत नाहीत. माझ्या समोर उघडतात, कागद फडक्यावर पसरतात आणि मी नको नको म्हणत असलो तरी स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे धरतात.

"बघून घ्या साहेब," म्हणतात.